काम लवकर कसं होईल आणि केलेला बदल टिकेल कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरी, ठाणे, वसई, भिवंडी, वाशी, फोर्ट, कुठून कुठून मेसेज येतात आणि निम्मे प्रश्न तेच असतात. कुणी वर्कशॉपचा मालक, कुणी एचआरमधली, कुणी सहकारी बँकेत उभी नोकरी काढलेला. म्हणून सगळं एकदाच एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्न जसे आले जवळपास तसेच ठेवलेत. एका उत्तरात दुसरीकडचं काही लागलं तर तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. "एफिशियन्सी वाढवा" असं वरून सांगतात, म्हणजे नक्की काय करायचं? जास्त तास बसायचं का?

नाही. जास्त तास बसून जास्त काम काढलं तर तो ओव्हरटाइम झाला. तेवढ्याच माणसांत, तेवढ्याच तासांत गिऱ्हाइकाचं काम लवकर आणि न चुकता झालं तर एफिशियन्सी वाढली म्हणायची. आणि बहुतेक ऑफिसांत खरा वेळ खातं ते पडून राहिलेलं काम. बिल कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं, मेल कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये, माल गेटवर. माणूस डोळ्यासमोर असतो म्हणून आपण त्याला हळू म्हणतो, पडलेला कागद कुणाच्या नजरेत येत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, खालची बरीचशी उत्तरं यातूनच निघतात.

२. पटलं, पण सुरुवात कुठून करू? आमच्याकडे सगळीकडेच गोंधळ आहे.

एकच ऑर्डर किंवा एकच बिल पकडा आणि ते आल्यापासून संपेपर्यंत त्याच्या मागे चालत जा, खरोखर चालत, केबिनमध्ये बसून फ्लोचार्ट काढू नका. वही घ्या, दोन रकाने करा, एकात हात लागलेला वेळ आणि दुसऱ्यात नुसतं पडून राहिलेला वेळ.

भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच उशिरा जातो अशी कायमची तक्रार होती, मालकाचं म्हणणं पॅकिंगची पोरं ढिली आहेत. एका ऑर्डरच्या मागे उभं राहून बघितलं तर खोका टेप मारून पटकन तयार, मग तो पोरगा इनव्हॉइससाठी माळ्यावर जातो कारण प्रिंटर वर केबिनबाहेर ठेवलेला, वर गेला की अकाउंट्सच्या ताई फोनवर, त्या मोकळ्या होईपर्यंत हा लोखंडी जिन्यात उभा, खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय, इनव्हॉइस हातात येतं तेव्हा कळतं ई-वे बिलावर, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदावर, गाडीचा नंबर चुकलाय, की परत वर. आता त्या पोराला ढिला कसं म्हणणार? प्रिंटर खाली पॅकिंग टेबलाशेजारी आणला, आणि टेम्पो गेटला लागल्या लागल्या नंबर प्लेटचा फोटो वर पाठवायचा असं ठरलं. नवीन माणूस नाही, नवीन सॉफ्टवेअर नाही, आणि संध्याकाळचा माल संध्याकाळीच जायला लागला.

दोन-तीन कागदांच्या मागे असं चाललात की एक जागा परत परत समोर येईल जिथे सगळं साचतं. तीच आधी सोडवा, बाकीच्यांना तोपर्यंत हात लावू नका. व्यवस्थापनावर लिहिणारे एलियाहू गोल्डरॅट यांनी हीच गोष्ट १९८० च्या दशकात जगभरच्या कारखान्यांना पटवली, की सगळ्या साखळीचा वेग तिच्या सर्वात अडलेल्या जागेवरून ठरतो, दुसरीकडे कितीही सुधारणा केली तरी तिथला ढीग फक्त मोठा होतो.

३. सगळे म्हणतात माणसं कमी पडतायत. खरंच कमी आहेत का हे कसं कळणार?

आधी साधं गणित करा. पेंडिंग किती आहे आणि रोज किती निपटतं ते मोजा. १२० बिलं पेंडिंग आणि रोज २० पास होतात, म्हणजे आज आलेल्या बिलाला साधारण ६ दिवस लागणार. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं आणि ते बँकेच्या रांगेपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे लागू पडतं.

मग बघा ढीग वाढतोय की तेवढाच आहे. रोज २० येतात आणि २० निघतात पण ढीग कायम १२० चा, तर माणसं पुरेशी आहेत, कधीतरी साचलेला जुना ढीग आहे तो. दोन शनिवार सगळ्यांनी बसून साफ करा, ज्यादा तासांचे पैसे देऊन, आणि सहा दिवसांचे एक-दोन दिवस होतील. पण रोज २५ येतात आणि २० निघतात, तर मात्र खरंच माणूस हवाय किंवा काम सोपं करायला हवंय. या दोन अवस्थांत सरसकट गल्लत होते, आणि पहिल्या अवस्थेत भरती केली तर पगार वाढतो, ढीग गेला की नवीन माणूस नुसता बसून राहतो.

४. माझी टीम कायम १०० टक्के बिझी असते. ही चांगलीच गोष्ट आहे ना?

नाही, आणि हे पटवायला सर्वात जड जातं. कामं ठरलेल्या वेळी येत नाहीत, कधी एकदम पाच, कधी तासभर एकही नाही. अशा वेळी माणूस जितका भरलेला तितकी वाट बघायची वेळ भयानक वाढते, सरळ रेषेत नाही वाढत. एक काम १० मिनिटांचं असेल आणि माणूस ८० टक्के भरलेला असेल तर रांगशास्त्राच्या साध्या सूत्राप्रमाणे सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्क्यांवर ९० मिनिटं. ९५ वर ३ तासांच्या वर. माणूस तोच, काम तेच. सकाळी पावणेनऊला दादरच्या पुलावर असंच होतं, शेवटचे थोडे लोक वाढले की चालणंच थांबतं.

म्हणून ज्या जागेवर बाकीच्यांचं काम अडकतं, मंजुरी देणारा, डिस्पॅच, आयटी हेल्पडेस्क, तिथे थोडा मोकळा वेळ मुद्दाम ठेवा. वरचे लोक त्याला रिकामा वेळ म्हणतील, तेव्हा त्यांना हे तीन आकडे दाखवा.

५. माझं स्वतःचं टेबल आणि इनबॉक्स भरून वाहतोय. मॅनेजमेंटचं सोडा, मी काय करू?

आपल्या महाराष्ट्रातच याचं उत्तर आहे आणि खाजगी कंपन्यांत ते कुणाला माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत आहे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जातो: माझ्याकडे प्रलंबित, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारे, ठरावीक तारखेला करायची नियतकालिक कामं, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये पाठवायचे, आणि नष्ट करायचे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिल लखिना यांनी कलेक्टर ऑफिसची मांडणी आणि दप्तर असं लावून दाखवलं की तो लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गेला.

मेललाही हेच लावा. पहिले दोन वेगळे केले तरी अर्धं काम झालं, कारण ढिगातलं बरंचसं आपल्याकडे अडलेलं नसतंच, ते दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेलं असतं आणि आपण रोज ते उघडून बघून परत ठेवतो. वाट बघणाऱ्यांवर तारीख टाका, त्या दिवशी फोन करा, तोपर्यंत उघडू नका.

६. लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर घेतलं, पण लोक अजून एक्सेल आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच काम करतात. का?

कारण सॉफ्टवेअर नवीन आलं आणि कामाची पद्धत जुनीच राहिली. याचं जुनं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या कारखान्यांत विजेच्या मोटरी १९ व्या शतकाच्या शेवटी आल्या, पण उत्पादकतेत मोठी उडी दिसली १९२० च्या दशकात. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये हे मांडलं. सुरुवातीला मालकांनी काय केलं, तर वाफेचं इंजिन काढून तिथेच मोठी मोटर बसवली, शाफ्ट आणि पट्टे तेच, मशीनं तशीच दाटीवाटीने. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर दिली आणि कामाच्या क्रमाने कारखाना नव्याने मांडला तेव्हा कुठे फायदा आला.

तुमच्याकडे पण बघा, कागदी फॉर्मवर पाच सह्या होत्या म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पाच अप्रूव्हल टाकलेत का? असतील तर लोक व्हॉट्सॲपवर "सर ओके का" विचारून काम पुढे ढकलणारच, त्यांना दिवस काढायचाय. एक्सेलवाल्या माणसाशेजारी तासभर बसा आणि बघा त्याच्या एक्सेलमध्ये असं काय आहे जे सॉफ्टवेअर देत नाही. बहुतेक वेळा एखादा साधा रकाना असतो, पार्टीचा शेरा, किंवा पुढच्या फॉलोअपची तारीख.

दुसरं कारण, जुनं बंद करायची तारीखच कुणी ठरवत नाही. ते प्रश्न ७ मध्ये.

७. बदल एका झटक्यात करावा की टप्प्याटप्प्याने? टप्प्याने केला तर पहिला टप्पा कुठला?

जवळजवळ नेहमी टप्प्याने, आणि मुंबईत याचे धडे डोळ्यासमोर आहेत.

शेअर बाजारात सौदा झाल्यावर पैसे आणि शेअर दुसऱ्याच दिवशी मिळायची पद्धत २५ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली ती बाजारमूल्याने सर्वात तळातल्या १०० कंपन्यांपासून, मग दर महिन्याला पुढचे शेअर, आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळा बाजार त्यावर आला. म्हणजे जिथे चुकलं तर नुकसान सर्वात कमी तिथून सुरुवात. जीएसटीचं ई-इनव्हॉइस बरोबर उलट आलं, १ ऑक्टोबर २०२० ला आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, मग मर्यादा खाली खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. तिथे अडचण तयारीची होती, मोठ्यांकडे आयटीची माणसं होती, तोवर छोट्यांसाठी टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सोय करून ठेवली. तर स्वतःला विचारा, तुमची भीती चूक झाली तर होणाऱ्या नुकसानाची आहे की लोकांच्या तयारीची, त्यावरून पहिला टप्पा ठरतो. सर्वात भांडकुदळ डिपार्टमेंटपासून सुरुवात करायची हौस मात्र नको.

लोकलचंही बघा. मुंबईत १९२५ पासून गाड्या १५०० व्होल्ट डीसीवर धावत होत्या, त्या २५,००० व्होल्ट एसीवर आणायच्या होत्या आणि लोकल तर बंद ठेवता येत नाही. म्हणून दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि एकेक पट्टा बदलत गेले, पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये संपलं, हार्बरवर २०१६ मध्ये. बदलाच्या काळात दोन्हीकडे चालणारं काहीतरी लागतंच, मग तो माणूस असो की एखादं टेम्प्लेट, आणि त्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

पण दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या तर जुनीची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. डिमॅट १९९६ मध्ये आलं, पण सूचीबद्ध कंपन्यांच्या कागदी शेअरची खरेदी-विक्रीतली नावबदली थांबायला १ एप्रिल २०१९ उजाडलं. देशभरातल्या जुन्या गुंतवणूकदारांसाठी इतका वेळ देणं समजू शकतो. तुमच्या ऑफिसात ४० माणसं आहेत, तुम्हाला दोन महिने पुरे.

८. जुने लोक ऐकतच नाहीत. "आमच्या वेळेला असं नव्हतं" हेच चालू असतं. काय करायचं?

आधी ते काय म्हणतायत ते पूर्ण ऐका. वीस-पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळणारे काका "हे चालणार नाही" म्हणतात तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा त्यांना एक असा प्रसंग माहीत असतो जो सॉफ्टवेअरवाल्याला कुणी सांगितलेला नाही. पावसाळ्यात भिजून आलेला माल, अर्धाच परत गेलेला चलान, एकाच नावाच्या दोन पार्ट्या. त्यांच्याकडून असे दहा वाकडे प्रसंग लिहून घ्या आणि नवीन सिस्टिमची टेस्टिंग त्यावर करा, काकांना समोर बसवून. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोष दिसला तर दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार असतो, त्यांची कीर्ती बऱ्याच अंशी या विश्वासावर उभी आहे.

आणि एक, शिकवताना चारचौघांत शिकवू नका. पन्नाशीच्या माणसाला पंचविशीच्या पोरासमोर माउस चुकायची लाज वाटते आणि मग ती लाज विरोध म्हणून बाहेर येते. लंचनंतर अर्धा तास, दोघंच, आणि शिकवणारा त्यांच्याशी अहो-जाहोने बोलणारा. इतकं केलं तरी कुणी मुद्दाम अडवत असेल तर मग सरळ बोला, पण तो शेवटचा पर्याय.

९. खरी भीती नोकरी जायची आहे. लोकांना काय सांगायचं?

खरं सांगायचं. "कुणाचीही नोकरी जाणार नाही" हे वाक्य तुमच्या हातात नसेल तर उच्चारू नका. मुंबईच्या माणसाला हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही, लालबाग-परळमध्ये घरटी कुणीतरी गिरणीत होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगार-बोनसच्या होत्याच, पण एक मोठी मागणी होती ती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बदलायची, कारण त्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता होती आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. म्हणजे आपलं म्हणणं मांडायला भरवशाची जागाच नव्हती. दुसरीकडे बऱ्याच गिरण्यांत यंत्रं जुनाट झालेली, कापडाचं काम यंत्रमागांकडे सरकत होतं. किती घरं यात उद्ध्वस्त झाली ते आपल्यातल्या कित्येकांनी घरातच बघितलंय.

म्हणून तीन गोष्टी आधीच ठरवून लेखी द्या: कुठली कामं बंद होणार, त्या माणसांना कुठे घेणार, आणि किती दिवस शिकायला देणार. वाचलेल्या वेळातून पहिला फायदा कामगारांना दिसू द्या, संध्याकाळी वेळेत सुटणं हा सुद्धा फायदाच आहे, कर्जत-विरारला जाणाऱ्याला विचारा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. कामगार वर्गात मोडणाऱ्यांच्या सेवाशर्ती, म्हणजे पगार, कामाचे तास, पाळ्या वगैरे बदलायच्या तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९ए खाली २१ दिवसांची नोटीस होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तेवढीच मुदत आहे. नोटिशीशिवाय पाळी बदलून मोकळे होऊ नका, आधी लेबर कन्सल्टंटला विचारा.

१०. टार्गेट लावले की आकडे सुधारतात पण गिऱ्हाईक अजून चिडलेलंच. असं कसं?

कारण माणसं आकडा सांभाळतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्येच हे मांडलं होतं, की मोजमाप हेच लक्ष्य झालं की त्याचा मोजमाप म्हणून उपयोग संपतो. कॉल तीन मिनिटांत संपवा म्हटलं की कॉल तीन मिनिटांत कापले जातात आणि तोच माणूस परत फोन करतो. म्हणून एका आकड्याला त्याला आवर घालणारा दुसरा आकडा जोडा, कॉलच्या वेळेबरोबर परत आलेले कॉल, डिस्पॅचच्या संख्येबरोबर परत आलेला माल. दोनच पुरे. पंधरा केपीआयचा, म्हणजे कामगिरी मोजणाऱ्या पंधरा आकड्यांचा, डॅशबोर्ड कुणी बघत नाही.

११. मीटिंगा कमी कशा करायच्या?

निर्णय घ्यायचा नसेल तर मीटिंग नको, माहिती लिहून पाठवा. निर्णय घ्यायचा असेल तर तो घेऊ शकणारा माणूस खोलीत पाहिजेच, तो नसेल तर पुढे ढकला.

१२. लीन, सिक्स सिग्मा, कायझेन, कुठला कोर्स करू?

या तिन्ही काम सुधारायच्या पद्धती आहेत. मोठ्या कंपनीत नोकरी शोधताय तर सर्टिफिकेटचा उपयोग होतो, करा. पण छोट्या जागेत आधी प्रश्न २ मधलं वहीचं काम करा. सिक्स सिग्मा मोटोरोलाने १९८६ मध्ये आणलं, त्याचं माप दहा लाख संधींमागे ३.४ दोष, म्हणजे ते हजारो वेळा तेच काम होतं तिथे शोभतं. महिन्याला ३० ऑर्डर असणाऱ्या वर्कशॉपला ते लावून काय मोजणार?

१३. डबेवाल्यांची व्यवस्था इतकी चोख, तरी लॉकडाऊनमध्ये ठप्प झाली. मग एफिशियन्सीचा फायदा काय?

हा प्रश्न मला सर्वात आवडतो. डबेवाल्यांचं काम १८९० च्या आसपासपासून चालू आहे, डब्यावरच्या खुणेत कुठलं स्टेशन, कुठली बिल्डिंग, कितवा मजला सगळं असतं, कुठे कॉम्प्युटर नाही. वेळेची शिस्त लोकलच्या वेळापत्रकावर बसवलेली. आणि मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, ऑफिसं थांबली, म्हणजे ज्यावर सगळं उभं होतं तेच गेलं. यात डबेवाल्यांचा दोष शोधणं अन्याय आहे, पण आपण आपल्यापुरतं बघू शकतो की आपलं सगळं कशावर टेकलंय.

वर्षातून एकदा विचारा: हा एक सप्लायर, हा एक सर्व्हर, हा एक माणूस उद्या नसेल तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावर दप्तर ठेवणाऱ्यांचं सगळं गेलं. प्रत्येक गोष्टीला पर्याय ठेवायला पैसे नसतात, म्हणून जिथे बंद पडलं तर धंदाच बंद पडेल तिथेच ठेवा. बाकीकडे काटकसर करा.

१४. वेळ वाचवायचाय तर दोन सह्यांऐवजी एक केली तर चालेल?

कागद बघा. दुसरी सही पहिल्यासारखंच बघत असेल तर काढा. पण पैसे जाणार, औषध जाणार, वीज चालू होणार अशा ठिकाणी दुसरा माणूस हवाच. बँकेत एकजण एंट्री करतो आणि दुसरा तपासून पास करतो, तो उशीर नाहीये, ते कुलूप आहे. तिथे वेग हवा तर तपासणाऱ्याला मोकळा ठेवा, प्रश्न ४ प्रमाणे. एआयकडून मेल, रिपोर्ट किंवा हिशेब करून घेता तेव्हाही हाच नियम: पहिला खर्डा त्याने करू दे, पास करणारा माणूस नावानिशी ठरलेला पाहिजे.

१५. बदल करूच नये अशी वेळ असते का?

असते. मार्चअखेर, ऑडिट चालू असताना, गणपती-दिवाळीच्या सीझनमध्ये ज्यांचा धंदा असतो त्यांनी त्या आधीचा महिनाभर. आणि मागचा बदल अजून बसला नसेल तेव्हा. वर्षात तिसरं सॉफ्टवेअर आलं की लोक शिकायचं थांबतात, हेही जाणार हे त्यांना माहीत असतं.

१६. अवघड प्रश्न आहे. आमच्याकडे सगळं साहेबांच्या सहीसाठीच अडतं. साहेबांना कोण सांगणार?

तुम्हीच, पण तक्रार म्हणून नाही, वही घेऊन. प्रश्न २ मधला पडून राहिलेल्या वेळेचा रकाना त्यांच्यासमोर ठेवा, त्यात नाव लिहू नका, नुसतं "मंजुरी" लिहा. शहाणा माणूस समजतो.

आणि हे वाचणारे तुम्हीच साहेब असाल तर एक मर्यादा ठरवा, समजा २५,००० रुपये. त्याच्या आतली खरेदी स्टोअरवाल्याने स्वतः करायची, महिन्याच्या शेवटी यादी तुमच्या टेबलावर. दोन महिने यादीत खटकणारं काही सापडलं नाही तर मर्यादा ५०,००० वर न्या. काही सापडलं तर त्या एका वस्तूपुरता नियम लिहा, पण सगळ्या सह्या परत स्वतःकडे ओढून घेऊ नका, कारण मग पुढच्या वेळी कुणी निर्णय घ्यायलाच तयार होणार नाही.